दिवाणावरची मागणी

तुर्कस्तानातल्या अमास्या गावच्या नेव्जात गुरुजींनी चाळीस वर्षं शाळेत साहित्य शिकवलं, म्हणजे त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, दोन पिढ्या झोपवल्या. निवृत्तीनंतर त्यांनी एकाच शब्दाचा ध्यास घेतला: दिवाण. झोपवायला आता घरात बायको आणि मुलगी तेवढ्या उरल्या होत्या.

मुलगी फेरीदे एकतिशीची. तिला पहिल्यांदाच कुणी आवडलं होतं, आणि त्या मुलाची माणसं तोकात गावाहून मागणी घालायला आली होती.

"अहो, आज तोंडाला कुलूप," मुझय्यननं नवऱ्याला बजावलं.

मुलाची कसोटी पाहायच्या रिवाजाप्रमाणे फेरीदेनं नवऱ्या मुलाच्या, तुंजायच्या, कॉफीत चमचाभर मीठ घातलं. बिचारा ती हसत हसत प्यायला. आता मुलाचे वडील हिल्मी तांबट मागणीचे शब्द काढणार, तोच भिंतीलगतच्या बैठकीवर हात फिरवून ते सहज म्हणाले, "दिवाण झकास आहे हो!"

झालं! गुरुजी सरसावले. शब्द फारसीतून आलेला. आधी नोंदवही, मग वह्या ठेवायची कचेरी, मग तिथली कारभाऱ्यांची सभा, मग ते टेकत ती गादी. कवितासंग्रहालाही दिवाण म्हणतात, हे सांगताना तर चार गझला झाल्या. वडीलधारा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, ही पाहुण्यांची शिस्त. दाराआड मुझय्यन खोकून खोकून थकली. गुरुजींना वाटलं, हिला सर्दी झाली.

पावणेसहाला हिल्मी उठले. "गुरुजी, फार ज्ञान मिळालं. शेवटची मिनिबस सहाची, निघतो."

जोडे घालताना ते मुलाला हळूच म्हणाले, "चल बाळा. मुलगी द्यायची नाही, म्हणून बोलूच दिलं नाही. आपण समजून घ्यावं."

गुरुजींनी ते ऐकलं. फेरीदे रिकामा ट्रे धरून पांढरीफटक उभी होती. 'गाढवा,' ते स्वतःला म्हणाले, 'शब्दाचं कूळ सांगता सांगता पोरीचा संसार मोडलास!' मुलीच्या बापानंच 'मागा' म्हणणं म्हणजे नाक कापून घेणं. गुरुजी मोज्यांवरच रस्त्यात धावले.

"हिल्मीसाहेब! मी मूर्ख आहे हो, पदवीधर मूर्ख! माझ्या पोरीला मागा!"

खिडक्याखिडक्यांत शेजारी जमले. हिल्मी वळले, कोट सारखा केला आणि तिथेच म्हणाले, "अल्लाच्या आज्ञेनं, पैगंबरांच्या शब्दानं, फेरीदेला आमच्या तुंजायसाठी मागतो."

गुरुजींनी तोंड उघडलं. पोर घरातून जाणार, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. होकार काही केल्या घशाबाहेर येईना.

"आता बोला ना!" मुझय्यन दारातून ओरडली, आणि तिलाही रडू फुटलं.