प्रमोदिनीताईंचं मॅन्युअल

राजनने आयुष्यात कुणाचं काही लाटलं असेल, असं कुणी म्हणणार नाही. बँकेत सॉफ्टवेअर सांभाळणारा, डच राजधानीत बुइटनव्हेल्डर्ट भागात भाड्याने राहणारा, शेजाऱ्याची सायकल जरा बाजूला सरकवली तरी चिठ्ठी लावून ठेवणारा सरळमार्गी गडी. शाळेत सापडलेलं पेनही त्याने बाईंना नेऊन दिलं होतं, हे त्याची आई पुण्यात अजून चारचौघांत सांगते. म्हणून तर ही गोष्ट त्याला कुणापुढे काढवत नाही.

२०२०च्या एप्रिलमध्ये सगळं बंद झालं आणि शहरातल्या झुइडओस्ट भागातली आपली विद्यार्थी पोरं खोल्यांमध्ये अडकली. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी डबे करायला घेतले. कुणाला किती पोळ्या, कोण आजारी, पोचवणार कोण, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता सावळागोंधळ! राजनने आठ दिवसांत एक सॉफ्टवेअर लिहिलं, नाव ठेवलं ‘डबा’, आणि कुणीही फुकट वापरावं, बदलावं म्हणून इंटरनेटवर खुलं करून टाकलं. पण वापरता येईल तर शपथ. राजनने लिहिलेल्या सूचना फक्त राजनलाच कळत.

तेव्हा पुढे आल्या प्रमोदिनीताई. बाडहूव्हडॉर्पच्या. नवरा संजीव विमानतळाजवळ कार्गो कंपनीत. स्वतः ताईंनी साताऱ्याला बावीस वर्षं विज्ञान शिकवलेलं आणि इथे आल्यापासून चार वर्षं घरी बसलेल्या. “अरे राजन, हे माणसांसाठी लिहिलंयस की भुतांसाठी?” असं विचारून त्या स्वतःच लिहायला बसल्या. साध्या, सोप्या इंग्रजीत ऐंशी पानांचं मॅन्युअल लिहिलं. दर प्रकरणात एक वाक्य ठरलेलं: ‘घाबरू नका, हे बटण दाबून काही पुसलं जात नाही.’ डबा घेणाऱ्यांच्या नमुन्याच्या यादीत पहिलं नाव त्यांनी आपल्या आईचं घातलं. कुमुदिनी, वय अठ्ठ्याहत्तर, मीठ कमी.

ताई फायली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या. साइटवर चढवायचं तर खातं उघडा, पासवर्ड ठेवा, दहा भानगडी. “तुम्ही फक्त लिहा ताई, चढवायचं मी बघतो,” राजन म्हणाला. त्यामुळे पानापानाला लेखक म्हणून नोंद झाली ती राजनच्या नावाची. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आपलीच तर माणसं!

ऑगस्टमध्ये एका डच कंपनीची मेल आली. म्हाताऱ्या माणसांच्या जेवणासाठी त्यांना ‘डबा’ हवा होता. मॅन्युअलचं लायसन्स कोणतं, असं त्यांनी विचारलं. कोडला लायसन्स होतं, मॅन्युअलला नव्हतं. राजनपुढे तीन पर्याय होते. लेखकाचं नाव देऊन वापरा; किंवा नाव द्या आणि तुम्ही केलेले बदलही असेच खुले ठेवा; किंवा मग लेखक सगळे हक्क सोडतो, नावसुद्धा नको. कंपनीला तिसरा सोयीचा होता. आपलं काम कुणीतरी मागतंय म्हणून राजनला इतकं भरून आलं, की समोरचा चहा निवायच्या आत त्याने तिसरा पर्याय लावून टाकला. ताईंना फोन करावा असं मनात येऊन गेलं. पण घरच्या माणसाला काय विचारायचं? वर स्वतःच्या उदारपणावर खूशही झाला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय!

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ताईंनी मॅन्युअल लिहिण्याच्याच एका नोकरीसाठी अर्ज केला, नमुना म्हणून ‘डबा’चं मॅन्युअल जोडून. पंचावन्नाव्या वर्षी, बरं का. व्हिडिओवर मुलाखत झाली आणि दुपारी त्या राजनला अ‍ॅमस्टेलपार्कात भेटल्या, दीड मीटर लांब उभ्या राहून.

“अरे, ते म्हणतात हा मजकूर कुठल्याशा कंपनीच्या पुस्तिकेत छापलाय, तिथे माझं नाव नाही. आपल्या साइटवर बघितलं तर सगळीकडे तुझं नाव. माणूस सभ्य होता रे, पण त्याने विचारलंच, मॅडम, यातलं नक्की तुम्ही काय लिहिलंत? बावीस वर्षं मी कॉपी करणारी पोरं पकडली. आज मीच कॉपीवाली ठरले.” त्यांनी फोनवर पुस्तिका दाखवली. त्यात ‘घाबरू नका’ होतं, आईचं कमी मीठही होतं. “काहीतरी गफलत झाली असणार. तू एक पत्र दे. सोमवारपर्यंत थांबणार आहेत ते.”

राजनचं तोंड एवढंसं झालं. तेव्हाच सांगायला हवं होतं. “देतो ना ताई, आजच,” एवढंच तो बोलला.

मॅन्युअल ताईंनीच लिहिलंय, असं त्याने पत्रात लिहिलं. पण पुढे ‘प्रकल्पाच्या धोरणानुसार लेखकांची नावं दिलेली नाहीत’ अशी मखलाशीही केली. लाज वाटत होती, तरी पत्र ताईंना पाठवलं. पाच मिनिटांत फोन आला.

“प्रकल्प म्हणजे कोण रे?”

राजनने स्क्रीनवर पत्र पुन्हा उघडलं.

“मीही होते ना प्रकल्पात? मला कधी विचारलं हे धोरण?”

“नाही ताई. प्रकल्प म्हणजे मीच. तुम्हाला न विचारता मी तुमचे हक्क सोडून दिले. चढवतानाही नाव माझंच लागलं, आणि मी ते लागू दिलं.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ताईंनी शेगडी बंद केली.

“मग तसंच लिही,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्याने तसंच लिहिलं. सोमवारी पत्र गेलं, गुरुवारी उत्तर आलं: खुलाशाबद्दल आभार, जागा भरली आहे.

मग राजनने पानापानावर ताईंचं नाव घातलं. डच कंपनीने पुढच्या आवृत्तीत नाव टाकू म्हणून कळवलं. पहिलीच्या प्रती वाटून झाल्याच होत्या. शेवटी त्याने ताईंना रीतसर मेल केली. तीन पर्याय, प्रत्येकाचा अर्थ, आणि खाली ‘तुम्ही म्हणाल तसं.’ लिहायला दहा मिनिटं लागली. एवढी दहा मिनिटं तेव्हा मला जड झाली, असं म्हणत तो स्वतःला शिव्या घालत राहिला.

चार दिवसांनी उत्तर आलं. दीड वर्ष ‘अरे राजन’शिवाय हाक न मारणाऱ्या बाईने वर लिहिलं होतं, ‘श्री. राजन यांस.’

‘तिसराच पर्याय ठेवावा. भुकेल्याला डबा पोचवायला माझं नाव कशाला लागतंय? तेव्हा विचारलं असतंत, तरी मी हेच सांगितलं असतं. फक्त यादीतलं आईचं नाव काढावं. ते मी कुणाला दिलेलं नाही.’

राजनने यादी उघडली. कुमुदिनी, वय अठ्ठ्याहत्तर, मीठ कमी. ती ओळ त्याने पुसून टाकली.