खरपुडीचा देव

“जोडे काढा आधी! सर, जोडे काढा म्हणते ना मी!”

“अक्का, जोडे नंतर. आधी जागा बघा. फोन सांगतोय, आपण बरोब्बर तिथंच उभे आहोत.”

“फोनला काय कळतं? फोनला देव दिसतो का? समोर शेंदूर फासलेला देव आणि तुम्ही त्याच्या पुढ्यात बूट घालून ढिम्म उभे!”

“पण गेल्या वर्षी इथं देव होता का?”

“नव्हता! म्हणून तर सांगते, ही ती जागाच नव्हे!”

“बरं. मग हा देव कधीचा?”

“कधीचा म्हणजे? अहो, जुना आहे तो! माझी आजी मला कडेवर घेऊन यायची इथं! माझं माहेर इथलंच आहे, साक्रीकडचं. मला शिकवता?”

झालं! हेच ते वाक्य. सगळी फजिती इथून सुरू झाली, म्हणून लक्षात ठेवा. आता खरं सांगते, माझ्या आजीला अंगणाची पायरी उतरवत नव्हती. ती मला कडेवर घेऊन टेकडी कसली चढते? पण भांडणात हरायला लागलं की माणूस मेलेल्या माणसांना साक्षीला बोलावतो. ती बिचारी येऊन नाही म्हणत नाहीत ना!

सरांनी मात्र मुकाट्यानं बूट काढले. त्यांच्या मागं पंधरा-सोळा जणांनी काढले. भादव्यातली टेकडी, जिकडेतिकडे सराट्याचे काटे, आणि आमचं अख्खं मंडळ अनवाणी! मी पुढं होऊन हात जोडले. सगळ्यांना जोडायला लावले. मनात नवससुद्धा बोलले, ‘देवा, माझी खरपुडी सापडू दे. पाच नारळ फोडीन.’

खरपुडी कोण, सर कोण, मी कोण, हे सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी रानात कुणाशी भांडतेय!

आमचं मंडळ रानातल्या झाडाफुलांचं. धुळ्या-जळगावची माणसं. पावसाळा लागला की रविवारी एक छोटी बस ठरवायची आणि कुठल्यातरी डोंगरावर जायचं. फुलं बघायची, फोटो काढायचे, वहीत नाव लिहायचं. तोडायचं नाही, उपटायचं नाही. एखादं जपण्यासारखं झाड दिसलं तर शेजारी काहीतरी खूण बांधायची, म्हणजे कुणाचा पाय पडत नाही. सर मंडळाचे अध्यक्ष. जन्मभर कॉलेजात वनस्पतींवर शिकवलं. माणूस कोल्हापूरकडचा, सज्जन, पण पुराव्याशिवाय पाणी पिणार नाही.

आणि मी? चौथीत शाळा सुटली. लग्न होऊन धुळ्याला आले, नवऱ्याच्या पिठाच्या गिरणीत उभी राहिले. डब्यांवर लोकांची नावं असायची, ती वाचता वाचता वाचनाचा हात बसला. हात नाही, डोळा म्हणा! पुढं रद्दीत झाडपाल्याचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. गिरणीच्या घरघरीत ते इतक्यांदा वाचलं की पानापानात ज्वारीचं पीठ बसलं. लॅटिन नावं मला येतात बरं का! उच्चार माझे आहेत, पण झाडं ओळखतात.

मंडळाची एक यादी आहे. कुठलं फूल कुठल्या डोंगरावर, आणि पहिल्यांदा कुणी पाहिलं. नावांपुढं काय एकेक पदव्या! माझं नाव त्या यादीत एकदाही नव्हतं. एकदाही! तुम्हाला ही गोष्ट लहान वाटेल. मला नाही वाटत.

गेल्या भादव्यात आम्ही याच टेकडीवर आलो होतो. सर तेव्हा तापानं घरी. बाकीचे खाली खैराच्या सावलीत डबे उघडून बसले आणि मी वर चढले. माझ्यामागं फक्त कल्पना आली, शाळेत शिकवते ती. वर गेले तर गवतात, एका दगडाच्या पायथ्याशी, काय दिसावं? खरपुडी!

बोटभर फूल, अगदी कंदिलासारखं. खाली फुगीर, वर निमुळतं, टोकाशी पाकळ्या जुळून पिंजरा झालेला. माझे पायच थांबले हो. साठ वर्षांनी बघत होते.

लहानपणी आई निंदायला जायची, मी तिच्या मागं मागं. दुपारी माझी भुकेची किरकिर सुरू झाली की आई बांधावर जाऊन खुरप्यानं एक वेल उकरायची. खाली छोट्या बटाट्याएवढा कंद. लुगड्याला पुसायची, साल काढायची आणि माझ्या हातावर ठेवायची. गोडसर, पाणीदार, कचकच वाजणारा! मी दुसरा मागितला की म्हणायची, “राहू दे माय, रानले बी भूक लागस.” मला तेव्हा वाटायचं, आईला कंटाळा आलाय उकरायचा.

आई गेली. बांध गेले. खरपुडीही गेली असं मी धरून चालले होते. आणि ती दगडाशी उभी! एकच वेल, दोन फुलं.

मी घाईघाईनं खूण बांधली. कल्पनानं फोनवर जागा टिपली, फोटो काढला. तेवढ्यात वारा सुटला आणि फोटोत हिरवा गोंधळ तेवढा आला. घरी परतल्यावर सर म्हणाले, “अक्का, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण यादीत असं नाही घालता येत. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष दाखवा.”

वर्षभर मी त्या एका रविवारची वाट पाहिली. आता कळलं, मी का भांडत होते?

तर आम्ही सगळे अनवाणी. देवासमोर सारवलेला ओटा, घंटा, झेंडा, नारळाच्या करवंट्या. खरपुडीचा पत्ता नाही. मी पुढं पुढं शोधतेय, “या इकडे, ती जागा पलीकडे आहे,” आणि माझ्यामागं सगळे “आई गं”, “अरे बापरे” करत एका पायावर नाचत येताहेत.

सर आलेच नाहीत. मागून त्यांची हाक आली, “अक्का! अहो अक्का!”

मला वाटलं, साप!

धावत गेले. सरांच्या पायात सराटा भरला होता. काटा काढायला ते देवाच्या मागच्या बाजूला गवतात बसले, आणि बसल्यावर त्यांच्या नाकासमोर कंदील! एक नाही, इकडे तीन, तिकडे पाच, गवतभर खरपुडी! सर एका हातात आपला पाय धरून दुसऱ्या हातानं फुलं मोजत होते. डोळ्यांत पाणी. काट्याचं की फुलांचं, देव जाणे.

“अक्का, जिंकलात!” ते म्हणाले. “तुमचं नाव यादीत!”

मी काय सांगू, मला वाटलं गिरणीचा पट्टा छातीतच फिरतोय. तिथं सगळे गप्प बसले असते तर ही गोष्ट इथंच गोड संपली असती.

पण कल्पना म्हणाली, “म्हणजे जागा हीच होती. फोन बरोबर होता. मग सर, गेल्या वर्षी इथं देव नव्हता. मी होते ना!”

“नव्हता कसा?” सर म्हणाले. “अक्का आजीच्या कडेवर बसून आल्यात इथं. तुझ्या लक्षात राहिलं नसेल.”

“एवढा शेंदूर लक्षात राहणार नाही?”

“अगं, म्हणूनच तर ही खरपुडी वाचली! देवाचं रान आहे, कुणी हात लावत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा!” सरांनी वही काढली. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागले, “स्थानिक जाणकार अक्का यांच्या आजीच्या काळापासूनचे प्राचीन देवस्थान...”

प्राचीन! मी म्हटलं, “सर, प्राचीन राहू द्या.”

“विनय नको, अक्का!”

आता विनय हा दोष माझ्यात आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

त्यात शांतिलालभाऊ पुढं सरसावले. धुळ्याला त्यांचं कापडाचं दुकान, तीन पिढ्यांचं. देवाला गुंडाळलेल्या कापडाकडे दुरूनच, हात जोडून, त्यांनी निरखून पाहिलं. “सर, पुरावा पाहिजे ना? हे वस्त्र बघा. काठ रुईफुली. असा पोत आता येत नाही. माझ्या दादाजींच्या काळातला माल आहे. साठ वर्षांच्या खाली नाही!”

“बघ!” सर कल्पनाला म्हणाले. “साठ वर्षं!”

कल्पनाचा चेहरा एवढासा झाला. “म्हणजे मी खोटं बोलते?”

“खोटं नाही गं. गफलत. गेल्या वर्षीचा फोटोही तुझा असाच आला होता ना...”

ते फार लागलं तिला. गेल्या वर्षी माझ्या बाजूनं एकटी तीच उभी राहिली होती. आणि सगळे तिला समजावायला लागले. एक म्हणतो, उन्हानं असं होतं. दुसरी म्हणते, तू दुसऱ्या बाजूनं चढली असशील. ती माझ्याकडे बघत होती. मी सराट्याकडे बघत होते.

तेवढ्यात खालून बकऱ्या हाकत एक म्हातारी आली. माझ्याच वयाची. नाव सुपडाबाई. बाकीचे भांडणात, म्हणून मी तिला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, हा देव किती जुना गं?

“जुना? कशाना जुना!” ती हसली. “गये सालना पावसाळामा निंघना हाऊ देव! मन्ही काबरी बकरी दवडाई गयथी. धुंडत धुंडत वर उनू, तं आठे दगडले लाल चिंधी बांधेल! नि बकरी तठेच बठेल! मंग मी शेंदूर लावा, नारळ फोडा. आते बठ्ठं गाव येस.”

“चिंधी कोन बांधी?”

“काय माहीत! कोनी पुण्यवान बाईच व्हई.” आणि गवताकडे हात करून म्हणाली, “आते आठे कोनी बकऱ्या चारस नही, गवत कापस नही. देवनं रान शे ना माय!”

देवाला हात जोडून ती बकऱ्यांमागं पलीकडे उतरली. मी तिथंच उभी. देव जेमतेम एका वर्षाचा, आणि निघाला तो एका लाल चिंधीतून!

मी तशीच देवाजवळ गेले, वाकले, डोळ्यांवरचा चष्मा नीट केला. शेंदरानं माखलेलं, पावसानं विटलेलं कापड. रुईफुली काठ. आणि काठाला लागून रफू. हिरव्या दोऱ्याचं.

लाल लुगड्याला हिरव्या दोऱ्यानं रफू कोण करतं? मी करते! लाल दोरा संपला होता त्या दिवशी.

आईचं लुगडं विरत विरत त्याचा एकच तुकडा उरला होता माझ्याकडे. सहलीला निघताना मी भाकरी त्यातच बांधते. गेल्या वर्षी खुणेची दोरी बसमध्ये राहिली, म्हणून निम्मा तुकडा टर्रकन फाडला आणि दगडाला गुंडाळला. मी आज शोधत होते एक उघडा दगड आणि त्याच्यावरची चिंधी. तिच्यावर घंटा, झेंडा आणि शेंदूर चढला असेल, हे माझ्या जाड पुस्तकात कुठं लिहिलंय?

पदराआड हळूच पिशवी उघडली. उरलेल्या तुकड्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. कोपरा ओढून देवाच्या कापडाशेजारी धरला. इकडचा हिरवा टाका तिकडे जाऊन पोचत होता.

म्हणजे मी नवस बोलले कुणाला? माझ्याच फडक्याला! पंधरा-सोळा माणसांच्या पायात काटे भरवले कशासाठी? फडक्यासाठी! आणि हात जोडले ते... पण नाही, तिथं मात्र जरा थांबले. आईच्या लुगड्याला जोडले होते. ते काही वाया गेलं असं मी म्हणणार नाही. एक वेल गवतभर झाली होती. रानाची भूक भागवायला आई मेल्यावरही येऊन बसली होती दगडावर.

मागं भांडण रंगात आलेलं. सर वहीत लिहीत होते. शांतिलालभाऊ साठाची सत्तर वर्षं करत होते. कल्पना डोळे पुसत बूट हातात घेऊन निघाली होती, “मी नाही येणार पुढच्या वेळी. ज्याला जागाच आठवत नाही त्यानं यायचं कशाला?”

गप्प बसता आलं असतं. सुपडाबाई दूर गेली होती, फडकं पिशवीत होतं, यादीत माझं नाव, नावाखाली आजीचं. छापून आलं असतं! सत्तर वर्षांत जे मिळालं नाही ते मिळत होतं, फक्त तोंड मिटायचं होतं. आणि तुम्हाला ठाऊक आहे, मला आयुष्यात कुठली एक गोष्ट जमली नाही?

मी भाकरी पदरात सोडली, फडकं झटकलं, सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “कल्पना, थांब, सर, आजीला वहीतून खोडा आणि सगळे आधी जोडे घाला, देवाच्या अंगावर आहे ते माझं भाकरीचं फडकं आहे!”