कलम नऊवरचा आक्षेप

दहा ऑक्टोबर. १९९२ पासून हा दिवस जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. एका वर्षी याच दिवशी मनोरुग्णालयांच्या नव्या धोरणाचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला झाला, आणि शिंपीणबाईंच्या पोटात दुखू लागले.

मसुदा करणाऱ्या समितीत रुग्णांसाठी एकच खुर्ची होती. ती रेडिओला मिळाली होती. मनोरुग्णालयात सात महिने तिच्या आणि शिंपीणबाईंच्या खाटा एकमेकींना लागून होत्या. रेडिओ हे नाव वॉर्डाचेच देणे. बाई एकदा सुरू झाली की बंद करायचे बटण सापडत नसे. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला तो दोन डॉक्टरांच्या मधोमध, अंगात करडा कोट. कोट कमरेत आत घेऊन दिला होता शिंपीणबाईंनी, तोही फुकट.

मसुदा वाचून दाखवायला धाकटी बहीण दुकानात आली. शिंपीणबाईंचा पाय शिलाई मशीनवर चालूच होता.

"कलम नऊ. रुग्णांच्या पायजम्यांना नाडीऐवजी इलास्टिक असावे."

मशीन थांबले.

वॉर्डात नाड्या काढून घेत; जिवाला धोका नको म्हणून. मग बायका पायजमा मुठीत धरून चालत. जेवताना एक हात गुंतलेला, भेटायला आलेल्या मुलाला जवळ घेतानाही एकच हात मोकळा. शिंपीणबाईंनी रुग्णालयाच्या शिवणखोलीत परवानगी काढून आपल्या पायजम्याला बाजूला दोन चपटी बटणे लावली. दुसऱ्याच दिवशी "मलाही दे ना लावून" म्हणत पहिली आली ती रेडिओ. पुढे आणखी अकराजणी आल्या.

"हे माझं आहे!" शिंपीणबाई म्हणाल्या.

"तुझं कसं, ताई? तू बटणं लावलीस. यात इलास्टिक आहे."

"म्हणजे मेलीला चोरायलाही धड जमलं नाही!"

दुसऱ्या दिवशी त्या समितीच्या कार्यालयात गेल्या. कारकुनाने छापील अर्ज पुढे सरकवला. "सूचना की आक्षेप? एका चौकटीत खूण करा."

"फरक काय?"

"सूचना फाइलला लागते. आक्षेप आला की कलम बाजूला काढतात, पुढच्या बैठकीपर्यंत थांबतं."

"आणि फाइलला लागलेली सूचना वाचतं कोण?"

"मावशी, मी इथे चिकटवायला बसलोय."

शिंपीणबाईंनी मजकूर नीट जुळवून लिहिला: रुग्णालयात कपडे उकळत्या पाण्यात धुतात, इलास्टिक महिन्या-दोन महिन्यांत सैल पडते, पायजमा पुन्हा मुठीत येतो, सबब दोन बटणांचा पट्टा लावावा. पेन क्षणभर दोन चौकटींच्या वर थांबले. मग त्यांनी आक्षेपावर खूण केली.

चौथ्या दिवशी रेडिओ दुकानात हजर. "अगं, आक्षेप कशाला? मला फोन केला असतास तर मी बैठकीत बोलले असते."

"तू बोललीस की! माझं नाव न घेता."

"घेतलं होतं गं! पण इतिवृत्तात रुग्णांची नावं लिहायची नाहीत, असा नियम आहे. हे बघ." तिने पिशवीतून कागद काढला. डॉक्टरांची नावे पदव्यांसकट होती. त्यांच्या खाली नुसते 'रुग्ण प्रतिनिधी'. "मी तरी कुठे आहे यात?"

"फोटोत आहेस."

रेडिओने कागद घडी घालून पिशवीत ठेवला. मग हळूच म्हणाली, "मागे घे ना. वॉर्डातल्या बायका अजून मुठीतच धरून फिरतायत."

"इलास्टिकनेही त्या मुठीतच धरणार आहेत. दोन महिने उशिरा, एवढंच." शिंपीणबाईंनी सुईत दोरा ओवला.

आक्षेप मागे घेतला गेला नाही. पुढची बैठक चार महिन्यांनी झाली आणि बटणांच्या दुरुस्तीसह कलम नऊ मंजूर झाले. त्या चार महिन्यांत पायजम्यांना ना बटणे होती ना इलास्टिक.

कागदपत्रांतून एवढेच कळते. बैठकीत रेडिओने शिंपीणबाईंचे नाव खरोखर घेतले होते का, याची नोंद कुठेही नाही. त्या चार महिन्यांत वॉर्डात किती जणी होत्या, हेही सापडलेले नाही. आक्षेपाच्या चौकटीत खूण करताना मनात इलास्टिक किती होते आणि रेडिओ किती, हे शिंपीणबाईंना विचारून पाहिले. त्या म्हणाल्या, ठाऊक नाही.