पोरीच्या मेंदूचा फोटो

देवपूरला आमच्या समोर राहणारे हे प्राध्यापक साधं बोलतानाही भाषणच करतात. भाजी महागली तरी ते 'व्यवस्थेचं नैतिक अधःपतन' असतं. त्यांची मुलगी दिवसभर हात धुते. थांबवलं की थरथरते. डॉक्टरांनी औषध सुरू केलं होतं. पुढे मुलांच्या मनोविकारांवरच्या एका संशोधनात तिचा एमआरआय झाला. तेव्हापासून ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून ते आल्यागेल्याला पेनाच्या टोकाने मेंदू शिकवत. जणू त्या मेंदूचे लेखक तेच.

परवा पेढे घेऊन आले. रिपोर्ट आल्याच्या आनंदात त्यांची ग्रांथिक मराठी गळून घरची बोली तोंडात आली होती. "आबा, रिपोर्ट उना! बठ्ठं नॉर्मल शे!"

"एकट्या मुलाच्या फोटोत हा आजार दिसत नाही म्हणतात," मी म्हणालो. "संशोधनात पुष्कळ मुलांच्या फोटोंची तुलना करतात. औषध चालू आहे ना?"

"बंद केलं. मेंदूत काही नाही, म्हणजे नाटकं आहेत. विज्ञान आहे हे, आबा."

मुलगी मागेच उभी होती. हातांची सालं निघालेली. त्यांनी तिच्या तळव्यावर पेढा ठेवला. ती घाईने आमच्या नळाकडे वळली, तर त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि मला विज्ञान समजावत राहिले.