लाल पाटी न आलेला दिवस

दर्पण कॉलनीतल्या काकूंची ती केस आजही मनातून जात नाही. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि लक्षात राहिली ती एक वेबसाइट. बायको म्हणते, तुमचं सगळंच उफराटं.

ग्वाल्हेरात मराठी समाजाची तेव्हा दोन वधूवर मंडळं होती. एक दरबारी घराण्यांचं, एक फौजी घराण्यांचं. वर्षानुवर्षं एकमेकांच्या हळदीकुंकवाला न जाणारे हे लोक शेवटी एक झाले, कारण दोघांकडेही स्थळं कमी पडायला लागली होती. मंडळाचं नाव नवं, वेबसाइटचंही नवं. ती सांभाळायचं काम काकूंकडे आलं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, स्वभावाने चोख. मुलामुलींचे फोटो, पत्ते, फोन नंबर, सगळं त्यांच्या एका पासवर्डामागे.

आणि एके दिवशी मुलींचे फोटो नंबरांसकट मोबाइलवर फिरू लागले. घाणेरडे फोन यायला लागले. एका मुलीने तर नोकरीवर जाणं सोडलं. मी त्या वेळी सायबर शाखेत होतो.

पहिली खबर घेऊन आले ते एका जुन्या मंडळाचे माजी सचिव. पाटणकर बाजारात त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान. विलीनीकरणाआधी वेबसाइट तेच बघायचे. पाणी प्यायले आणि म्हणाले, "साहेब, काकूंना विचारा. वेबसाइटचं कंट्रोल पॅनल उघडताना ब्राउझर लाल पाटी दाखवतो, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून. त्या आँख मूँदके पुढे जातात. मी किती वेळा टोकलं." ठाण्यातल्या मुंशीने रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या डायरीत, नोंद केली. पॅनलची नोंदही काकूंच्याच पासवर्डाने माहिती उतरवून घेतली गेल्याचं सांगत होती. मंडळाने तर रविवारी सभाच बोलावली, काकूंना सगळ्यांदेखत काढण्यासाठी.

मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. त्यांचे डोळे रडून सुजले होते, तरी आधी चहा टाकला. म्हणाल्या, "बेटा, मला जेलमध्ये टाक, पण त्या पोरींच्या आयांना मी काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, "काकू, रोज कसं उघडता ते दाखवा."

लाल पाटी आली. कारण साधं होतं. वेबसाइटचं नाव बदललं, पण वेबसाइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट जुन्याच मंडळाच्या नावाचं राहिलं. नाव जुळत नाही म्हणून ब्राउझर रोज ओरडायचा, आणि मंडळातल्या सगळ्यांनी त्यांना 'दाबा नि पुढे जा' शिकवलं होतं. काकूंनी सवयीने दाबलं.

"कधी ही पाटी आली नाही, असं झालं?"

त्या म्हणाल्या, "एकदा झालं. मंडळाच्या नावाने मेल आला, नव्या लिंकवरून उघडा म्हणून. सीधं उघडलं. मला वाटलं, चला, सुधरलं एकदाचं. पासवर्ड दिला, तर मग लाल पाटी आली आणि पुन्हा पासवर्ड मागितला. उलटंच झालं त्या दिवशी."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये त्या लिंकचा पत्ता अजून होता. दिसायला सारखा, पण दुसराच. कोणीतरी हुबेहूब नकली पान करून पासवर्ड घेतला होता आणि काकूंना खऱ्या पानावर ढकलून दिलं होतं. आता हे पान असं हुबेहूब कोण बनवणार? पॅनल आतून पाहिलेले दोघंच, काकू आणि माजी सचिव.

सचिवांना ठाण्यात बोलावलं. दरडावलं नाही. चहा दिला आणि सहज म्हटलं, "कोणा अनाड्याने नकली पान केलं होतं हो. इतकं कच्चं काम, की त्याच्यावरही लाल पाटी यायची."

"हो ही नहीं सकता," ते ताडकन म्हणाले. "त्याला पक्कं सर्टिफिकेट होतं. पत्त्याशेजारी कुलूप दिसत होतं."

मुंशीने लिहिणं थांबवून वर पाहिलं. सचिवांचा चेहरा उतरला. माणूस चोरीचा आळ एकवेळ सहन करतो, आपल्या कामाला कच्चं म्हटलेलं नाही.

"मुलींना त्रास द्यायचा नव्हता साहेब," ते नंतर म्हणाले. "ही बाई लायक नाही, एवढंच दाखवायचं होतं." मला त्यांचा मनापासून संताप आला. दुकानातला कॉम्प्युटर पंचनामा करून जप्त केला. नकली पान त्यातच निघालं.

रविवारच्या सभेत मी स्वतः उभा राहून काकूंचा दोष नाही हे सांगितलं. अध्यक्षांनी माफी मागितली, काम पुन्हा घ्या म्हणाले. काकूंनी हात जोडले. "आता माझ्याच्याने नाही होणार."

या केसने मला एक शिकवलं. रोज विनाकारण ओरडणारा पहारेकरी असला की घरच्यांना त्याचा ओरडा ऐकू येत नाही. उलट त्या ओरडण्यावरूनच ते आपलं घर ओळखायला लागतात. तेव्हापासून ठाण्यात मी एक प्रश्न सगळ्यांना विचारायचो. नेहमी घडतं असं त्या दिवशी काय घडलं नाही?

काही महिन्यांनी काकूंचा फोन आला. आवाज दबका होता.

"बेटा, ज्या मुलीने नोकरी सोडली होती ना, तिची आई घरी आली होती. म्हणाली, काकू, तुम्हीच सांभाळा. आता बसलेय उघडून. मंडळाने नवं सर्टिफिकेट घेतलंय म्हणतात. पण लाल पाटी येत नाहीये रे. पासवर्ड देऊ का?"

"आधी वरचा पत्ता वाचा, काकू."

त्यांनी एकेक अक्षर वाचलं, शाळेत वाचून घेत असतील तसं. मी केसच्या वेळी लिहून ठेवलेल्या खऱ्या पत्त्याशी ताडून पाहत होतो. सगळं जुळलं.

"द्या, काकू," मी म्हटलं.