भासऱ्याचा होमस्टे

जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा भोंग्यावर उठायची आणि कोणी न विचारता सल्ला द्यायची अशा दोन सवयी घेऊन मी आसगावजवळच्या आमच्या गावात राहायला आलो. गावात भोंगा नव्हता. त्यामुळे सगळा जोर सल्ल्यावर आला.

त्याच उन्हाळ्यात पवनीला होमस्टेचं प्रशिक्षण झालं. जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा नागझिऱ्याचं जंगल गोंदियाकडे गेलं म्हणून आम्ही हळहळलो होतो. आता आमच्याच उशाला अभयारण्य झालं होतं, गेट उघडलं होतं आणि वाघ दिसायला लागला होता. प्रशिक्षणातले साहेब म्हणाले, पर्यटन म्हणजे बिनधुराचा कारखाना. झालं! जन्म कारखान्यात घालवलेल्या माणसाला याहून गोड काय लागणार? मी घरातली एक खोली पाहुण्यांसाठी काढायचं ठरवलं आणि ते वाक्य विहाराच्या पायरीवर, पानठेल्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला, म्हणजे जो पळून जाऊ शकत नाही अशा प्रत्येकाला ऐकवलं. न्हावी म्हणाला, "काका, वस्तरा हाती आहे, जरा हळू बोला न."

माझी धाकटी भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, तेव्हा पवनीला सातऱ्यावर जात होती. सातऱ्यावर बाया लाल मिरचीचे ढीग पुढ्यात घेऊन बसतात आणि देठ खुडतात. आधी ती जंगलात मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायची. अभयारण्य झालं आणि तो रस्ता बंद झाला. भावाच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, घरापुरत्या. तेव्हा मिरची. घरी आली की ती हात ताकात बुडवून बसायची, इतके भगभगायचे. माझ्या बायकोला ते बघवेना. ती म्हणाली, "एवढं भाषण देऊन राहिले, तं तिलेच घ्या न सैपाकाले." मी लगेच छाती पुढे काढून शब्द दिला. वर्षभराचं काम देईन, मिरचीकडे पुन्हा बघायची पाळी येणार नाही, असं म्हटलं. तिनं सातरा सोडला. तिथल्या मुकादमानं तिच्या जागी दुसरी बाई बसवलीसुद्धा. आता तिची चूल माझ्या जिभेवर पेटायची होती.

पण एक अडचण होती, आणि ती कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भावसून भासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहते, जे सांगायचं ते तिसऱ्याकडून सांगते. चौदा एप्रिलला स्त्री-पुरुष समतेवर दरवर्षी मीच बोलायचो, लोक टाळ्याही वाजवायचे. आणि घरी माझी भावसून लग्न होऊन आल्यापासून माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. उलट मान मिळतो आहे, असंच वाटायचं.

तर असा आमचा कारखाना सुरू झाला. मॅनेजर मी, सैपाकीण ती आणि मधला टेलिफोन माझी बायको. "बाई, भाऊजीले म्हणा, गॅस संपला." "तिले म्हण, सिलिंडर उद्या येते." दोघंही एकाच खोलीत! बायको कुठे गेली असली की भावसून मांजरीला सांगायची, "मने, सांग त्याइले, सांभार नाही आणला." सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. मीही मांजरीलाच उत्तर द्यायचो, "मने, म्हणावं आणतो." पाहुण्यांना वाटायचं आमचं जबर भांडण आहे. नागपूरच्या एका बाईनं मला बाजूला घेऊन समजावलं की कुटुंबात संवाद हवा. मी म्हटलं, रोजच होतो, मांजर साक्षीला आहे.

मेनू मी ठरवला होता. शहरातल्या माणसाला पनीर लागतं, असं माझं ठाम मत. भावसुनेनं पहिल्या दिवशी पनीर केलं; तिनं ते जन्मात पाहिलं नव्हतं आणि मीही कॅन्टीनमध्येच पाहिलं होतं. पाहुण्यांनी ते ताटाच्या कडेला सरकवलं आणि आमच्यासाठी केलेल्या लाखोरी डाळीच्या वड्यांवर ताव मारला. दुसऱ्या दिवशीपासून पनीर बंद. गावात मात्र मी सांगितलं की स्थानिक पदार्थांची योजना पहिल्यापासून माझीच होती.

खोटं कशाला बोलू, पहिला हंगाम झकास गेला. आमच्या दोन घरांचंच नाही, गावाचं भलं झालं. शेजारणीची अंडी घरातल्या घरात खपायला लागली. ढिवर भाऊ तलावातली मासळी बाजारात न्यायच्या आधी आमच्या अंगणात टोपली उतरवायचा. शिकलेली पोरं गाईड झाली, एकानं जिप्सी घेतली, पंक्चरवाल्यानं नवा कॉम्प्रेसर बसवला. हे सगळं आपल्यामुळेच झालं असं समजून मी सकाळी गावातून हात मागे बांधून फिरायचो. वाघाचा त्यात काही वाटा असेल, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

मग वाघ गेला. कुठे गेला कोणास ठाऊक. जंगल त्याचं, मर्जी त्याची, कोणाला रजेचा अर्ज थोडाच द्यायचा होता? पण तो गेला आणि पाहुणे आटले. जंगल तेच, सागवान तेच, रानकुत्री, नीलगाई, मोर सगळे हजर. पण लोकांना पट्टेवालाच पाहिजे. अख्ख्या गावाचा धंदा एका जनावराच्या पायावर उभा होता, आणि त्या जनावराला आमच्या गावाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. जिप्सीवाला पोरगा गाडीत बसून मोबाइल बघायचा. भावसून रोज सकाळी यायची, खोली झाडायची, स्वच्छ चादर पुन्हा झटकायची आणि दाराआडून मांजरीला विचारायची, "मने, आज कोणी येऊन राहिलं का?" 

पावसाळा तोंडावर आला होता. पाऊस लागला की गेट बंद, मग पुढचे महिने पाहुण्याचं नाव नाही. हे प्रशिक्षणात सांगितलं होतं बरं का. मी तेव्हा बहुतेक शेजाऱ्याला सल्ला देत होतो.

अशात पुण्याचं एक जोडपं आलं. मुक्काम एकच, सकाळच्या फेरीला जंगलात जायचं आणि परत येऊन, सामान घेऊन नागपूरला विमानासाठी निघायचं. बायको लाखनीला बहिणीकडे गेली होती. भावसुनेनं त्या रात्रीचं जेवण असं केलं की तो माणूस बोटं चाटत राहिला. आणि मला वाटलं, हे दोघं अजून एक दिवस राहिले तर तिला एक दिवसाचं काम मिळेल.

आता आमच्याकडे पाहुण्याला ठेवून घ्यायची एक जुनी रीत आहे. त्याचे जोडे लपवायचे. पाहुणा निघतो, जोडे शोधतो, आपण हसून म्हणतो, "आज नाही जाऊ देत!" तो उगाच रागावल्यासारखं करतो आणि मग खुशीनं बसतो. माझा मामा तर जोडे लपवले नाहीत म्हणून रुसून गेला होता. तेव्हा मी काय केलं? त्या पुणेकराचे ते जाडजूड महागडे बूट उचलले आणि धानाच्या ढोलीत, म्हणजे धान साठवायच्या उंच कणगीत, आत खोल खुपसून ठेवले. कोणाला शंका नको म्हणून वरून धान सारखंही केलं.

पहाटे तो अंगणात मोज्यांवर उभा. "काका, माझे शूज?"

मी ओठ कानापर्यंत नेऊन म्हटलं, "आज नाही जाऊ देत!"

तो हसला नाही. त्याची बायकोही हसली नाही. बाहेर जिप्सीनं हॉर्न दिला. "काका, गेटवर वेळेत पोहोचलो नाही तर आत सोडत नाहीत. बुकिंग वाया जाईल. प्लीज." प्लीज म्हणाला तो. आमच्या मामानं कधी प्लीज म्हटलं नव्हतं.  ढोलीकडे धावलो, स्टुलावर चढलो आणि आत हात घातला. बूट धानात पार खाली गेले होते. अजून वाकलो, तसा तोल गेला आणि कमरेपर्यंत आत! वर फक्त पाय. नाकातोंडात भुसा. बाहेर हॉर्नवर हॉर्न.

तेवढ्यात भावसुनेचा आवाज आला. मांजरीला नाही, मला.

"भाऊजी, पाय वर करून कायले उभे आहा? बाहेर या."

मी ढोलीत होतो हे बरं झालं, नाहीतर तसाच पडलो असतो. ती मग पाहुण्याकडे वळली. "हे घाला तुम्ही," म्हणत तिनं माझ्या भावाच्या रबरी चपला पुढे ठेवल्या. "वाघ काही पायाकडे पाहत नाही. जोडे परत याल तवा घ्या." तो चपला फटफटवत पळाला. जिप्सी गेली.

मी कसाबसा बाहेर आलो, केसांत धान, हातात एक बूट. ती तिथंच उभी होती. पदर डोक्यावर होता, पण मान खाली नव्हती. म्हणाली, "लोकाइले डांबून ठेवल्यानं माह्यं काम टिकते काय, भाऊजी? तुम्ही शब्द देल्ला म्हणून मी सातरा सोडला. आता मले सांगा, पावसाळ्यात मी काय करू?"

इतक्या वर्षांत तिनं सल्ल्यांच्या या कोठाराकडे पहिल्यांदाच सल्ला मागितला होता.  मी म्हटलं, "दुसरा बूट शोधतो आधी." पाहुणा परत आला तोवर दोन्ही बूट पुसून ठेवले होते. त्यानं पुढे इंटरनेटवर लिहिलं, जेवण अप्रतिम, यजमान अतिशय प्रेमळ, फक्त बूट उशाशी घेऊन झोपा.

पाऊस आला, गेट बंद झालं. भावसून लोकांच्या बांध्यांत रोवणीला, धानाची रोपं लावायला, गेली. रोवणी आटोपल्यावर एका दुपारी घरी आली आणि माझ्या समोरच्या खाटेवर नाही, पण उंबऱ्यावर बसली. गेटाजवळ बाहेरच्या कोण्या बड्या माणसानं रिसॉर्ट बांधला होता. तिथं सैपाकघरात बाई पाहिजे होती. पावसाळ्यातही कंपन्यांच्या बैठका, लग्नं चालतात, पगार बाराही महिने. "पण ओळखीचं कोणी सांगाले लागते म्हणते. तुम्ही याल काय, भाऊजी?"

त्या रिसॉर्टला मी चौकाचौकात शिव्या घातल्या होत्या. बाहेरचे येतात, आपली जमीन मातीमोल घेतात, मलई खाऊन जातात आणि आपल्याला भांडी घासायला ठेवतात, असं माझं नवं भाषण होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. खोटं कशाला बोलू, जळफळाटही झाला. तरी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

तिथला मॅनेजर टाय लावलेला, वयानं माझ्या पोरासारखा. त्यानं विचारलं, इतकं चांगलं काम करतात तर तुम्ही सोडता कशाला? हंगाम, भांडवल, स्थानिकांचा वाटा, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. निघालं एवढंच, "माझ्याकडची चूल पावसाळाभर थंड असते, साहेब. पोट थंड ठेवता येत नाही." तो म्हणाला, एक तारखेपासून या. परत येताना ती म्हणाली, "भाऊजी, तुमच्याकडे पावने आले तं मले निरोप द्या. सुट्टी घेऊन येईन." मी हो म्हटलं.

हिवाळ्यात पाहुणे आले. मी तिला निरोप दिला नाही. नव्या नोकरीत पहिल्याच हंगामात सुट्टी मागणारी बाई टिकत नाही, कारखान्यात उभा जन्म गेलेल्याला एवढं तरी कळतं. बायकोनं भाकरी थापल्या, भाजी मी केली. पाहुण्यानं पहिला घास घेतला, पाणी प्यायला, आणि जपून विचारलं की इथल्या ज्या काकूंच्या हातच्या जेवणाबद्दल वाचलं होतं, त्या कुठं आहेत. मी म्हटलं, "ती नोकरीवर असते. पगारी." आणि त्याच्या ताटात अजून एक डाव भाजी वाढली. बिचारा नको नको म्हणत होता.