नऊशेची रेघ

मो हेरान रागीट बाई आहे हे कोरियातल्या देगू शहराच्या लोखंडी गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तिच्या दुकानात प्लॉटरवर मोठमोठी ड्रॉइंग छापली जायची, आणि छापलेल्या प्रत्येक कागदावर स्टीलची पट्टी लावून माप जुळल्याशिवाय ती कोपऱ्यात लाल टिक करत नसे. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळू दे. "घाई असेल तर शेजारी जा," ती म्हणायची, "तिथे फोटोसुद्धा छापतात."

एका सकाळी एका वास्तुरचनेच्या ऑफिसातून फाइल आली. एका वाचनालयाच्या गोल जिन्याच्या पायऱ्या, एकास एक मापात. कागद थेट पोलादाच्या पत्र्यावर चिकटवायचा आणि रेघेवरून कापायचं, असं ते काम. कापणारा होता बान चोलगू, गल्लीच्या टोकाचा म्हातारा फॅब्रिकेटर. हेरान त्याला दादा म्हणायची.

प्रिंट निघाली. तिने पट्टी लावली. जिथे नऊशे मिलिमीटर लिहिलं होतं, तिथे आठशे त्र्याहत्तर भरले.

तिने ऑफिसला फोन लावला. विभागप्रमुख वी जुनतेकने उचलला.

"तुमच्या फाइलमध्येच माप कमी आलंय," ती म्हणाली. "फाइल काढताना 'कागदात बसवा' वर खूण राहिली असणार. बघून परत पाठवा."

"मावशी, ड्रॉइंग आम्ही काढतो. तुम्ही छापा फक्त."

"छापलंय. चुकीचं आहे."

"आमचं सॉफ्टवेअर याच वर्षीचं आहे. तुमचं मशीन किती जुनं? जाऊ द्या. मोटारसायकलवाला निघालाय, त्याच्याकडे द्या, तो परस्पर बानच्या कारखान्यात नेईल."

फोन ठेवला गेला. 'मावशी' तिच्या डोक्यात गेलं होतं. छापा म्हणतोस ना, घे, छापलं. तिने गुंडाळी बांधली, लाल टिक न करता, आणि मोटारसायकलवाल्याच्या हातात कोंबली.

सहा दिवसांनी बान दुकानात आला. तिने बार्लीचा चहा पुढे केला, त्याने घेतला नाही.

"सोळा पायऱ्या कापल्या," तो म्हणाला. "वाकवल्या, घासल्या. आज बसवायला गेलो तर एकही बाहेरच्या कठड्याला पोचत नाही. वीसाहेब सांगत फिरतोय की तुझं मशीन माप खातं."

"कुणाला सांगतोय?"

"सगळ्यांना. नळवाल्यालासुद्धा."

हेरानच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. तिने कॉम्प्युटरवर एक सरळ रेघ काढली, बरोबर हजार मिलिमीटरची. तिच्या शेजारी वीची तीच फाइल ठेवली आणि दोन्ही एकाच कागदावर छापली. मग शटर ओढलं, पट्टी काखेत मारली आणि बानच्या पुढे चालू लागली.

कारखान्यात वी जुनतेक परत आणलेल्या पायऱ्यांच्या ढिगापाशी उभा होता. सोबत वाचनालयाची एक अधिकारी बाई होती. हेरानने कागद जमिनीवर पसरला.

"बसा खाली," ती वीला म्हणाली. "ही पट्टी. मोजा."

"मावशी, इथे तमाशा नको."

"मी तुमची मावशी नाही. पाटीवर माझं नाव आहे, ते घ्या. आणि मोजा."

अधिकारी बाई बघत होती, म्हणून तो उकिडवा बसला. हजारची रेघ हजार भरली. पायरीची आठशे त्र्याहत्तर.

"हवेने कागद आकसतो कधीकधी," तो म्हणाला.

"एकाच कागदावर आहेत दोन्ही. हवा काय तुमची पायरी ओळखते?"

बानचे कामगार हसले. वीची मान लाल झाली. उठून त्याने गुडघे झटकले आणि हळूच म्हणाला, "असेल आमची चूक. पण तुम्ही तर मला फोनवर सांगितलं होतं. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मग दिलंत कशाला?"

हेरानने वाकून पट्टी उचलली.

"तुला ठाऊक होतं?" बानने विचारलं.

"होतं, दादा."

"मला एक फोन नाही केलास. तुझ्या दुकानाचा कागद म्हणून मी टिकसुद्धा बघितली नाही."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो पायऱ्यांच्या ढिगाकडे वळला आणि एकेक उचलून भंगाराच्या बाजूला टाकू लागला. प्रत्येक आवाजाला तिचा राग नव्याने पेटत होता. आता तो वीवर नव्हता. त्या माणसाच्या एका शब्दासाठी तिने दादाची सहा दिवसांची मेहनत मोटारसायकलवर चढवली होती.

ऑफिसने नवा पत्रा दिला, नवी फाइल दिली, जिना उभा राहिला. चुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला त्यांच्याकडून तिला नाशपातींची पेटी आली, छापील शुभेच्छापत्रासकट. तिने ती न उघडता आणणाऱ्याच्याच हाती परत पाठवली आणि त्यांचं काम बंद केलं.

बान दोन महिने फिरकला नाही. मग एका दुपारी एका फाटकाचं ड्रॉइंग घेऊन आला. प्रिंट निघाल्यावर त्याने स्वतःची पट्टी खिशातून काढून टेबलावर ठेवली. कागद वर गुंडाळला जात होता. हेरानने दुसरं टोक दाबून धरलं, आणि त्याने मोजायला सुरुवात केली.